उन्हाळी सुट्टीनंतर टँक प्रिंटर सुरू केला: काळ्यात रेघा, सायन (निळा) गायब. शाई फवारणारं हेड साफ कसं करावं?

माणदेशी
८ जून, संध्याकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेत चार रंगांचा, टाक्या भरायचा इंकजेट प्रिंटर आहे. वाडीतल्या लोकांनी वर्गणी काढून घेऊन दिलेला आहे, त्यामुळे तो बिघडला की अख्खी वाडी विचारते. मुलांच्या स्वाध्यायपत्रिका, शब्दपट्ट्या, चित्रकार्डं, सगळं त्यावरच निघतं.

सुट्टीत प्रिंटर ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत झाकून ठेवला होता. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. शाळा भरायच्या आधी तयारी करावी म्हणून आज सुरू केला, तर काळ्या अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेघा, सायन अगदी पुसट. पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) व्यवस्थित. टाक्या अर्ध्याच्या वर भरलेल्या, शाई कंपनीचीच. सोबतच्या सरांनी संगणकावरून हेड क्लीनिंग लागोपाठ चालवलं. काळा जरा सुधारला, पण सायन जो थोडा येत होता तोही गेला.

तालुक्याच्या गावी दाखवलं तर म्हणाले हेड गेलं, बदला. खर्च ऐकून नवा प्रिंटर घ्यावा की काय असं वाटलं. हेड खरंच गेलंय हे ओळखायचं कसं? आणि इथे शाळेतच काही करता येण्यासारखं आहे का?

पोवईनाका
८ जून, रात्री ८:०२

सर, सरळ लेझर घ्या. टोनर म्हणजे कोरडी पूड, वाळायचा प्रश्नच नाही. सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिली प्रिंट काळीभोर येते.

माणदेशी
८ जून, रात्री ८:२०

तुमचं बरोबर आहे, पण पहिली-दुसरीच्या मुलांना रंग लागतात, आणि रंगीत लेझर आमच्या आवाक्यात नाही.

शाईवाला
८ जून, रात्री ९:३५

गुरुजी, सांगलीत माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. जून आणि दिवाळीनंतरचा आठवडा, या दोन वेळा दुकानात शाळांचे प्रिंटर रांगेत असतात, आणि तक्रार तुमच्यासारखीच असते.

आधी क्लीनिंग थांबवा. आज रात्री प्रिंटरला अजिबात हात लावू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको, आणि तसाच राहू द्या.

कारण सांगतो. नुसती शाई वाळून हेडची बारीक छिद्रं (नोझल) बुजली असतील तर क्लीनिंगनंतर ती आहे तशी राहतात किंवा थोडी मोकळी होतात. चालणारा रंग क्लीनिंगने गेला, तर बहुतेक वेळा नळीत किंवा हेडवरच्या डॅम्परमध्ये (शाईच्या छोट्या कप्प्यात) हवा शिरलेली असते. नाहीतर खालची रबरी कॅप हेडला घट्ट बसत नाही आणि पंप शाईऐवजी बाहेरची हवा ओढतो. लागोपाठ क्लीनिंग मारलं की शाई तेवढ्या वेगाने पोचत नाही, फेस होतो आणि रंग तुटतो. विश्रांती दिली की बुडबुडे वर सरकतात आणि शाई खाली बसते. बऱ्याच टँक प्रिंटरच्या माहितीपुस्तकातही हेच दिलेलं असतं: तीन वेळा नोझल चेक (छिद्रं तपासायची रेघांची चाचणी प्रिंट) आणि क्लीनिंग करून फरक पडला नाही तर निदान १२ तास थांबा. ते पान कुणी वाचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

उद्या क्लीनिंग न करता फक्त नोझल चेक काढा. थोड्या वेळाने आणखी एक काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. तुटलेल्या रेघा दोन्हीकडे त्याच जागी असतील तर तिथे शाई वाळली आहे. जागा बदलत असतील तर हवा आहे. एखादा रंग पूर्ण कोरा असेल तर नळी, डॅम्पर किंवा कॅप बघायची. चारही रंग एकदम कोरे असतील तर पंप तपासायचा आणि मग हेडला वीज नेणारी चपटी पट्टी, सर्किट बोर्ड वगैरे. तुमचे दोन रंग स्वच्छ येतात, म्हणजे हेडला वीज मिळते आहे. एवढ्यावर हेड बदला असं कुणी सांगू नये, मला हे अजिबात पटत नाही.

आणि नोझल चेक पूर्ण आला, तरी प्रिंटमध्ये रेघा दिसतात असं झालं, तर हेडला दोष देऊ नका. मग अलाइनमेंट (हेडची रेघ जुळवणी) करायची आणि संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये (ड्रायव्हरमध्ये) कागदाचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते बघायचं.

चौकस
८ जून, रात्री १०:५०

शाईवाला यांनी सांगितलेलं का लागू पडतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की कुठला उपाय चालेल आणि कुठला नुकसान करेल ते आपलं आपल्यालाच कळतं.

इंकजेटची शाई म्हणजे बहुतांश पाणी. त्यात रंग, आणि लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीन, ग्लायकॉल यांसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ. छिद्राचा व्यास साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर छिद्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. घरगुती टँक प्रिंटरमध्ये थेंब साधारण ३ पिकोलिटरचा असतो. म्हणजे एक मिलिलिटर शाईतून असे सुमारे ३३ कोटी थेंब पडतात. इतक्या बारीक तोंडाशी हवा लागली की आधी पाणी उडतं, शाई घट्ट होते, आणि मग पापुद्रा धरतो.

एप्सनच्या एल ३११० सारख्या मॉडेलात काळ्याला १८० छिद्रं आणि बाकी तीन रंगांना प्रत्येकी ५९. त्यातली मोजकीच बुजली तरी अक्षरावर पांढरी रेघ दिसते. म्हणून रेघ दिसली की हेड गेलं असं होत नाही. उरलेली दीडशे-पावणेदोनशे छिद्रं चालूच असतात.

थेंब बाहेर फेकायच्या दोन पद्धती आहेत. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणात ३०० अंशांच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या हातून गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला टेकलं, सुईतून शाई उडाली, आणि त्यातून ही कल्पना पुढे आली. एचपीने त्याच तत्त्वावरचा थिंकजेट १९८४ साली बाजारात आणला. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये हीटर नसतो. तिथे पायझो नावाचा पदार्थ विजेने किंचित वाकतो आणि शाईला दाबतो.

दुरुस्तीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. हीटरवालं हेड कोरडं असताना प्रिंट देत राहिलं तर हीटर जळतात, कारण त्यांना थंड ठेवणारी शाईच तिथे नसते. पायझो हेड कोरडं चाललं म्हणून जळत नाही. पण ते महाग असतं आणि प्रिंटरबरोबर बरीच वर्षं चालेल असं धरूनच बसवलेलं असतं. म्हणून पायझोवाल्यांनी धीराने साफ करावं आणि हीटरवाल्यांनी कोरडं चालवू नये.

माणदेशी
९ जून, दुपारी १:१५

सकाळी नोझल चेक काढला, मधल्या सुट्टीच्या वेळेला पुन्हा काढला. सायन रात्रभराच्या विश्रांतीने अर्ध्याच्या वर परत आला! कालच्या कागदावर त्याची रेघही नव्हती. काळ्यात मात्र दोन्ही कागदांवर त्याच त्याच जागी खंड आहेत. म्हणजे सायनला हवा आणि काळ्याला वाळलेली शाई, असंच ना? आता काळ्यासाठी काय करू?

कोरेगावकर
९ जून, दुपारी २:४०

आमच्या ऑफिसात एक जण हेड काढून उकळत्या पाण्यात बुडवायचा आणि मग थिनरने पुसायचा. लगेच मोकळं व्हायचं. करून बघा.

शाईवाला
९ जून, संध्याकाळी ६:०५

कोरेगावकर, राग मानू नका, पण गुरुजींनी हे मुळीच करू नये. हेड एकावर एक चिकटवलेल्या पातळ थरांचं असतं. उकळतं पाणी आणि थिनर, दोन्हींनी तो चिकट पदार्थ सुटतो. मग एका रंगाची शाई दुसऱ्याच्या वाटेत झिरपते, आणि ते हेड परत जोडता येत नाही. थिनरने रबरी कॅपही फुगते. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर तेव्हा चालला असेल, पण असे प्रिंटर नंतर माझ्याकडे येतात आणि मला ते परत द्यावे लागतात.

गुरुजी, तुमचं निदान बरोबर आहे. आता करायचं ते सांगतो. सामान फारसं लागत नाही: मेडिकलमधून हातमोजे, सुई नसलेली छोटी सिरिंज, आणि इंजेक्शनमध्ये मिसळायचं निर्जंतुक पाणी. ते प्लास्टिकच्या बारक्या कुपीत मिळतं, स्वस्त असतं आणि त्यात क्षार नसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणीही चालेल, फक्त बाटलीवर पाणीच लिहिलंय ना, ॲसिड नाही ना, ते बघून घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. तुमच्या भागात बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, तोच क्षार छिद्राच्या तोंडाशी बसेल आणि तो मग कशानेच निघत नाही. आरओचं पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसतं. शक्य असेल तर तयार हेड क्लीनिंग सोल्यूशनची बाटली घ्या, शाईच्या दुकानात मिळते. शाळेच्या प्रिंटरला मी तेच सुचवेन.

एक छोटी प्रिंट सुरू करा. हेड कागदाच्या मध्यावर आलं की प्लग काढा. एरवी असं करायचं नसतं, पण हेड त्याच्या जागेतून मोकळं करायला दुकानात आम्हीही असंच करतो. आता हेड हाताने हळूच डावीकडे सरकेल. उजवीकडे जिथे ते उभं राहतं तिथे एक चौकोनी रबरी कडा आणि आत स्पंज दिसेल, ती कॅप. शेजारी रबरी पट्टी असते, तो वायपर. दोन्हींवर घट्ट झालेली शाई, धूळ, कागदाचा कीस असणार. सोल्यूशन लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते पुसा. रबराची कडा चारही बाजूंनी स्वच्छ झाली पाहिजे. बऱ्याचदा सगळा आजार याच कडेत असतो: कॅप बसत नाही, हेड उघडं राहतं, म्हणून वाळतं, आणि क्लीनिंगलाही दाब धरत नाही.

मग सिरिंजने कॅपमध्ये सोल्यूशनचे थेंब सोडा, कडेपर्यंत भरेल इतकेच. हेड परत उजवीकडे आणून कॅपवर ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. वाळलेली शाई म्हणजे गुळाचा खडा. पाण्यात ठेवला की आपसूक विरघळतो, दाबून उपयोग नसतो. सकाळी प्लग लावा, क्लीनिंग एकदाच करा, नोझल चेक काढा. सुधारणा असेल आणि पूर्ण नसेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा भिजवा.

सिरिंज नळीला जोडून हेडमधून जोराने पाणी मारायचे व्हिडिओ खूप फिरतात. त्या वाटेला जाऊ नका. दाब जास्त झाला की आतले थर उघडतात. आणि हेडकडे जाणारी चपटी पांढरी पट्टी दिसते ना, तिला थेंबभरही ओल लागता कामा नये. ओली असताना वीज दिली तर शॉर्ट होऊन हेड आणि बोर्ड दोन्ही जातात. तिथे पाणी गेल्याची शंका आली तर एक अख्खा दिवस प्लग लावू नका.

चौकस
९ जून, संध्याकाळी ७:३०

+१. एक भर: पंप चालतो का ते याच वेळी कळतं. कॅपमध्ये पाणी भरून क्लीनिंग चालवलं आणि नंतर हेड बाजूला करून पाहिलं, तर पाणी ओढलं गेलेलं असलं पाहिजे. तसंच साचलेलं दिसलं तर खालची नळी निसटली आहे किंवा तुंबली आहे. मग हेडवर कितीही कष्ट घेतले तरी वाया.

द्राक्षवेल
९ जून, रात्री ९:१५

तासगावात माझं सेवा केंद्र आहे. गुरुजींचा धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे हेड वाळायचं कारण वेगळंच आहे: प्रिंट निघत असताना लाईट जाणं.

लाईट गेली की हेड असेल तिथेच, कागदाच्या मध्यावर उघडं थांबतं. गिऱ्हाईक वाट बघून निघून जातं, आपण शटर ओढतो, आणि हेड रात्रभर तसंच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एवढ्यानेही नोझल जातात. जूनमध्ये उत्पन्नाचे दाखले, सातबारा, प्रवेशाचे अर्ज यांची एवढी गर्दी असते की प्रिंटर एक दिवस बंद ठेवणं परवडत नाही. म्हणून आता प्रिंटर छोट्या यूपीएसवर घेतला आहे. इंकजेट जेमतेम १५ वॅटच्या आसपास घेतो, संगणकाच्या साध्या यूपीएसवर आरामात चालतो. लाईट गेली की हातातलं पान पूर्ण करते, मग बटणाने बंद करते. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन कॅपवर बसतं, तो खुट्ट आवाज येईपर्यंत मी थांबते. लेझर मात्र या छोट्या यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर एकदम खूप वीज ओढतो.

आणखी एक अनुभव. केंद्रात बहुतेक काम काळ्याचंच. बेदाण्याच्या हंगामात पेट्यांची रंगीत लेबलं छापायला लोक येतात, तेव्हाच रंगांची आठवण होते आणि तेव्हाच ते दगा देतात. आता दर सोमवारी सकाळी चारही रंगांच्या जाड पट्ट्या असलेलं एक अर्धं पान काढते. काळं-पांढरं निवडून छापलं तर रंग वापरलेच जात नाहीत, म्हणून त्या पानाला रंगीत सेटिंग ठेवायचं.

माणदेशी
११ जून, सकाळी ११:४०

शाईवाला दादा, कॅप तुम्ही म्हणालात तशीच निघाली. रबराच्या एका कडेवर शाईचा जाड थर होता, त्यात कागदाचा कीस अडकलेला. तो काढला, रात्रभर भिजवलं. आज सकाळी काळा पूर्ण, एकही खंड नाही. सायनची शेवटची एक-दोन छिद्रं उघडायची राहिली आहेत, पण चित्रकार्ड छापून पाहिलं तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पॉवर क्लीनिंग असा एक पर्याय दिसतोय, तो द्यावा का?

शाईवाला
११ जून, दुपारी १२:२०

फार बरं वाटलं! पॉवर क्लीनिंग आता देऊ नका. ते नळ्यांमधली सगळी शाई ओढून नवी भरतं, टाक्या चांगल्याच खाली येतात. टाकी एक तृतीयांशाहून कमी भरलेली असताना ते चालवलं तर नळ्यांत हवा शिरते. एकदा केलं की पुन्हा करायला १२ तास थांबावं लागतं. राहिलेली छिद्रं रोजच्या छपाईत आपोआप उघडतील.

पुढच्या सुट्टीत प्रिंटर पत्र्याच्या खोलीतून हलवा. बऱ्याच इंकजेटसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान ठीक धरतात, पत्र्याखाली मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर जातं. कुणाच्या तरी घरात, सावलीच्या खोलीत ठेवा आणि आठवड्यातून एक रंगीत पान काढायला सांगा. वाडीत कुणीतरी तयार होईलच.

अजिंक्यतारा
११ जून, रात्री ८:४५

साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. सहा रंगांचा प्रिंटर वापरतो, नेहमीच्या चारांत फिका सायन आणि फिका मॅजेंटा जास्तीचे. चेहऱ्याच्या रंगात या फिक्या दोघांचं काम मोठं. त्यातला एक अडला की पासपोर्ट फोटोत गालावर हिरवट किंवा लालसर झाक येते, आणि रेघ दिसायच्या आधी रंग बिघडलेला दिसतो. म्हणून मी रोज दुकान उघडलं की पहिल्यांदा नोझल चेक काढतो.

आमच्या बाजूला त्रास उलटा. पावसाळ्यात यवतेश्वरावरून धुकं खाली आलं की हवेत इतकी ओल असते की हेड वाळत नाही, पण कागद ओलावतो. ओला कागद वाकतो, त्याची कड हेडला घासते, आणि कडेचा कीस छिद्रांवर चिकटतो. त्याचे खंड वाळलेल्या शाईसारखेच दिसतात, पण एका क्लीनिंगने जातात. कागदाचं रीम उघडलं की उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा, ट्रेमध्ये रात्रभर सोडायचा नाही.

शाईबद्दल मी फार आग्रही आहे. दोन प्रकारच्या शाया असतात: डाय म्हणजे विरघळलेला रंग, आणि पिग्मेंट म्हणजे तरंगणारे बारीक कण. पिग्मेंट पाण्याने पसरत नाही, उन्हात जास्त टिकतो, पण वाळला की जास्त हट्टी. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टँक मॉडेलांत काळा पिग्मेंट आणि रंग डाय असतात. टाकीत ज्या प्रकारची शाई आहे तीच भरायची. डायच्या टाकीत पिग्मेंट ओतलं तर आत गाठी धरू शकतात, आणि त्या भिजवून सुटत नाहीत. स्वस्त सुट्टी शाई वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण एक मिळाली की तीच धरून राहा, दर वेळी वेगळी बाटली नको.

कृष्णाकाठ
१२ जून, सकाळी ९:३०

नळीतल्या हवेचा विषय आधी निघाला म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या पेठेतल्या दुकानदारांनी जे हाताला लागलं ते माळ्यावर चढवलं. आमचा टँक प्रिंटरही तसाच, कडेवर उभा करून. पाणी ओसरल्यावर खाली आणला तर एका बाजूला शाई सांडलेली आणि सगळ्या नळ्यांत हवेचे तुकडे. यंत्राला पुराचं पाणी लागलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात सांगतो: टँक प्रिंटर हलवायचा तर आडवा, सपाट ठेवूनच. जुन्या काही मॉडेलांना बाजूला शाईच्या वाटेचा खटका असतो, तो प्रवासाच्या खुणेवर फिरवायचा आणि जागेवर पोचल्यावर आठवणीने परत. तो बंद राहिला तर प्रिंटर शाई ओढत नाही आणि लोकांना वाटतं हेड चोक झालं.

कोरेगावकर
१२ जून, दुपारी १२:१०

माहितीपूर्ण धागा. माझ्याकडे घरी टाक्यांचा नाही, दोन छोट्या कार्ट्रिजचा जुना प्रिंटर आहे. त्यालाही हेच करायचं का?

शाईवाला
१२ जून, दुपारी २:००

त्याला सोपं आहे. तुमच्या प्रिंटरमध्ये हेड बहुधा कार्ट्रिजच्याच तळाला आहे, ते निघतं. कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला टिश्यू घडी करून ठेवा, त्यावर कार्ट्रिज छिद्रं खाली करून काही मिनिटं उभी ठेवा. टिश्यूवर शाईचा स्पष्ट पट्टा उमटला म्हणजे छिद्रं उघडली. रंगीत असेल तर तीन पट्टे दिसले पाहिजेत. तांब्याच्या ठिपक्यांना पाणी लावू नका, लागलंच तर पूर्ण कोरडं करून मगच बसवा. हे हीटरवालं हेड असतं, म्हणून शाई संपलेली असताना प्रिंट देत राहू नका. एवढं करून सुटलं नाही तर नवी कार्ट्रिज घेतली की हेडही नवंच येतं.

द्राक्षवेल
१३ जून, सकाळी १०:०५

दादा, माझ्या दुसऱ्या प्रिंटरवर आज दोन लाल दिवे आलटून पालटून लुकलुकतायत आणि संगणकावर सर्व्हिस करा असा संदेश येतोय. प्रिंट बंद. शेजारचा मुलगा म्हणतो इंटरनेटवरून रिसेटर उतरवून देतो, एका मिनिटात सुरू होईल.

शाईवाला
१३ जून, सकाळी १०:५०

ताई, क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई जाते कुठे? प्रिंटरच्या तळाशी किंवा मागे एक जाड शोषक गादी असते, वेस्ट पॅड, त्यात ती साठते. किती साठली त्याचा हिशोब प्रिंटर आत ठेवतो आणि मर्यादा आली की थांबतो. सारखं सारखं क्लीनिंग केलं की ही मर्यादा लवकर येते, हेही त्याचं एक नुकसान.

रिसेटर फक्त तो आकडा शून्यावर आणतो. गादी भरलेलीच राहते. मग एक दिवस शाई तळातून टेबलावर आणि तिथून अर्जांच्या गठ्ठ्यावर येते. आणि फुकटच्या रिसेटर फायलींमध्ये व्हायरस भरपूर असतात. तुमच्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात, तिथे तर हे नकोच.

द्राक्षवेल
१३ जून, सकाळी ११:१५

मग गादी धुऊन परत घातली तर चालते का? की नवीनच लागते?

शाईवाला
१३ जून, सकाळी ११:४०

धुतलेली चालते. हातमोजे घालून काढा, बादलीत रंग निघेपर्यंत धुवा, घट्ट पिळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर ती तेवढी कमी शाई धरते, आणि सध्याच्या ढगाळ हवेत वाळायला वेळ लागेल. धुतलेलं पाणी मोरीत ओतलं तर फरशी रंगते, बाहेर मातीत खड्डा करून ओता. घाई असेल तर नवीन गादी घ्या, फार महाग नसते. बऱ्याच टँक मॉडेलांत ती मागच्या झाकणाआड असते, एक-दोन स्क्रू काढले की निघते. गादी कुठल्या नळीला जोडली आहे त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

नवीन बसवली की आकडा शून्य करून घ्यायचा. प्रिंटर घेऊन सांगलीला येणार असाल तर शनिवारी दुपारच्या आत या, गादी बदलून रिसेट करून देतो. येताना गाडीत सपाट ठेवा आणि टाक्यांची झाकणं घट्ट बसली आहेत का ते बघा.